पान रिलोड न करता आकडे बदलायचे असतील तर: आधी सर्व्हर, मग पान

‘फेच चालत नाहीये’ म्हणत जी मुलं माझ्यासमोर लॅपटॉप उघडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा फेच (पान रिलोड न करता सर्व्हरकडून माहिती मागवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) व्यवस्थित चालत असतो. तो सर्व्हरपर्यंत जातो आणि सर्व्हर जे देईल ते घेऊन परत येतो. सर्व्हरनेच काहीतरी भलतं हातात दिलेलं असतं आणि मुलं ते पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये शोधत बसलेली असतात.

याचं कारण एकच, सगळे उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी सुंदर बटण, मग जावास्क्रिप्ट, मग कुठून तरी उचललेली पीएचपीची फाइल, आणि शेवटी सगळं एकदम चालवून बघायचं. चूक चार ठिकाणी असू शकते, पण पडद्यावर लक्षण एकच दिसतं: काहीच होत नाही. म्हणून या लेखात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो मोडू नका.

उदाहरण ठाण्यातलंच घेऊ. नौपाड्यात एक पोळीभाजी केंद्र आहे असं समजा. संकष्टीला उकडीच्या मोदकांची झुंबड उडते. काकूंना दोन गोष्टी हव्यात. पानावर ‘आज काय किती शिल्लक’ हे आपोआप ताजं होत राहावं, आणि गिऱ्हाइकाने नग सांगून नाव-फोन दिला की पान न हलता नोंदणी व्हावी. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, पानात साधं जावास्क्रिप्ट. कुठलीही लायब्ररी नाही.

लिहिण्याबद्दल एक सूचना: आज्ञा आणि फंक्शनांची नावं मी इथे उच्चारतो तशी देवनागरीत देतोय. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत, जोडून आणि नेहमीच्या स्पेलिंगने करायची.

## तयारी

पान लोकलहोस्टवरून, म्हणजे तुमच्याच यंत्रावरच्या सर्व्हरवरून, उघडा. फाइलवर डबल क्लिक करून उघडलेलं पान आणि सर्व्हरने दिलेलं पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला ‘फाइल’ दिसत असेल तर पुढचं काहीच चालणार नाही. झॅम्प (घरच्या यंत्रावर सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस चालवणारं पॅकेज) वापरत असाल तर प्रोजेक्टचा फोल्डर एचटीडॉक्समध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, तिरकी रेघ, फोल्डरचं नाव असा पत्ता द्या. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ यांची सरमिसळ करू नका. यंत्र तेच असलं तरी ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं आहेत.

फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये, पण बॉमशिवाय सेव्ह करा. बॉम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला चिकटणारे तीन अदृश्य बाइट. एडिटरमध्ये ते दिसत नाहीत, पण पीएचपी ते इमानदारीत सगळ्यात आधी बाहेर पाठवते. मग ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ (हेडर म्हणजे मजकुराच्या आधी जाणारी माहितीची ओळ) अशी तक्रार येऊ शकते आणि माणूस हेडरच्या ओळीकडे बघत बसतो. ती ओळ बिचारी बरोबर असते.

डेटाबेस, टेबल आणि जोडणी, तिन्ही यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ अक्षरामागे जास्तीत जास्त तीन बाइट साठवतं. देवनागरी तीन बाइटांत बसते, त्यामुळे ‘मोदक’ नीट दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. मग कोणीतरी नावापुढे इमोजी टाकतं आणि नोंद अडकते, कारण त्याला चार बाइट लागतात. जोडणीचा चारसेट (अक्षरांची पद्धत) द्यायला विसरलात तर मोदकाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येऊ शकते. पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) वापरत असाल तर तो जोडणीच्या ओळीतच लिहा.

फाइलींची नावं सगळी लहान लिपीत. विंडोजवर मोठं-लहान अक्षर चालून जातं, होस्टिंगच्या लिनक्सवर नाही. घरी चालणारं पान होस्टिंगवर ‘४०४’ (सापडलं नाही) देतं, त्याचं हे ठरलेलं कारण.

## पायरी १: दोन्ही बाजूंचा करार कागदावर लिहा

खरंच कागदावर लिहा. पानाला सर्व्हरकडून काय हवं आणि सर्व्हरला पानाकडून काय हवं, हे ठरल्याशिवाय एकही ओळ टाइप करायची नाही. आपल्या उदाहरणात दोन स्क्रिप्ट आहेत.

- साठा: पद्धत गेट (फक्त मागणं). पानाकडून काही जात नाही. परत येते पदार्थांची यादी: प्रत्येकाचा क्रमांक, नाव आणि शिल्लक. सोबत सर्व्हरची वेळ.
- नोंदणी: पद्धत पोस्ट (काही पाठवणं). जातं ते पदार्थाचा क्रमांक, नग, नाव, फोन आणि एक नोंदणी-खूण (ही कशाला, ते पायरी ५ मध्ये). परत येतं ते काम झालं की नाही, नवी शिल्लक आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं एक वाक्य.

स्टेटस कोडही, म्हणजे उत्तरासोबत जाणारे निकालाचे आकडे, आत्ताच ठरवा. सगळं ठीक असेल तर २००. नग किंवा फोन चुकीचा असेल तर ४२२. माल संपला असेल तर ४०९. पोस्टच्या जागी गेट आलं तर ४०५. आपल्याच बाजूचा घोटाळा असेल तर ५००.

कळांची (म्हणजे कीज, उत्तरातल्या रकान्यांच्या नावांची) स्पेलिंग याच कागदावर पक्की करा. ‘शिल्लक’ रोमनमध्ये एका एलने की दोन एलने, यावर भांडण नको, पण दोन्हीकडे सारखं हवं. पीएचपीत दोन एल आणि जावास्क्रिप्टमध्ये एक, असं झालं तर एररही येत नाही. पानावर फक्त ‘अनडिफाइन्ड मोदक शिल्लक’ असं दिसतं.

साठा बदलणारं कुठलंही काम गेटने करायचं नाही. ब्राउझर, सर्च इंजिनचे रोबो आणि लिंकचा प्रीव्ह्यू दाखवणारी अॅपं गेटचे पत्ते स्वतःहून उघडून बघतात. नोंदणी गेटवर ठेवलीत तर व्हॉट्सअॅपवर लिंक टाकताच एक मोदक कमी व्हायचा.

## पायरी २: सर्व्हरचं स्क्रिप्ट एकट्याने चालवा

आता फक्त साठ्याची पीएचपी फाइल लिहा. पानाचा विचारही करू नका. कामं याच क्रमाने:

१. टाइमझोन एशिया-कोलकाता असा लावा. न लावल्यास पीएचपी बहुधा यूटीसी धरते आणि काकूंचा साठा साडेपाच तास मागे दिसतो.
२. कंटेंट-टाइप हेडर द्या: अॅप्लिकेशन-जेसन (जेसन म्हणजे नाव-किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत). त्याखाली कॅशे-कंट्रोल हेडर: नो-स्टोअर. दुसरं विसरलात तर ब्राउझर जुनंच उत्तर दाखवू शकतो. त्यावर पत्त्यामागे रँडम आकडा चिकटवण्याचा जुना जुगाड लोक अजून करतात. हेडर दिला की त्याची गरज उरत नाही.
३. डेटाबेसमधून यादी आणा. पीडीओला चूक झाली की एक्सेप्शन फेकायला सांगा (पीएचपी ८ मध्ये ती तशीच येते).
४. जेसन-एनकोड करून छापा आणि लगेच एक्झिट.

फाइलच्या शेवटी पीएचपीचा बंद करणारा टॅग लिहू नका. त्याच्यानंतर चुकून राहिलेल्या रिकाम्या ओळी उत्तरात मिसळतात.

जेसन-एनकोडबद्दल दोन गोष्टी. पहिली: ‘ठाणे’ हा शब्द उत्तरात उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे अशा रूपात दिसला तर घाबरू नका. ते वैध जेसन आहे आणि ब्राउझर त्याचं पुन्हा ‘ठाणे’ करतो. डोळ्यांनी वाचता यावं म्हणून अनएस्केप्ड-युनिकोड हा झेंडा (फ्लॅग, म्हणजे जादा सूचना) लावा. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. डेटाबेसमधून एखादं मोडकं अक्षर आलं तर जेसन-एनकोड गुपचूप ‘फॉल्स’ देतं आणि उत्तर रिकामं जातं. पीएचपी ७.३ पासून थ्रो-ऑन-एरर हा झेंडा आहे. तो लावा, म्हणजे चूक बोंब मारून सांगेल.

तपासणी. साठ्याच्या फाइलचा पत्ता थेट ब्राउझरच्या पट्टीत टाका. जेसन दिसलं पाहिजे, आणि फक्त जेसन. वर ‘वॉर्निंग’ किंवा ‘नोटिस’ची ओळ, किंवा तपासण्यासाठी टाकून विसरलेलं व्हार-डम्प दिसत असेल तर तिथेच थांबा. पुढे पानात ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ अशी जी एरर येते, तिचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं: जेसनच्या जागी एचटीएमएल आलेलं असतं आणि त्याचं पहिलंच चिन्ह कोनी कंस असतं.

ही तपासणी पास होईपर्यंत पायरी ३ उघडायची नाही. तासभर वाचतो असं म्हणणार होतो, पण काही जणांचा आठवडा वाचलेला मी बघितलाय.

## पायरी ३: पानातून साठा मागवा

स्क्रिप्टचा टॅग हेडमध्ये असेल तर त्याला ‘डिफर’ लावा. नाहीतर जावास्क्रिप्ट आधी धावतं आणि ज्या यादीत आकडे भरायचे ती यादी तेव्हा जन्मालाही आलेली नसते.

फेचला दिलेला सापेक्ष पत्ता पानाच्या पत्त्यापासून मोजला जातो, जावास्क्रिप्टची फाइल जिथे आहे तिथून नाही. जेएस नावाच्या फोल्डरमध्ये बसून ‘एक पायरी वर’ असं लिहिणारे इथे हमखास चुकतात.

आता मुख्य मुद्दा. ४०४ किंवा ५०० आलं तरी फेच स्वतःहून चूक मानत नाही. नेटच गेलं, सर्व्हरच सापडला नाही किंवा ब्राउझरने अडवलं तरच तो कॅचमध्ये (चूक पकडणाऱ्या भागात) जातो. सर्व्हरने काहीही उत्तर दिलं, अगदी ‘माझं बिघडलंय’ असंही, तर फेचच्या दृष्टीने काम फत्ते. पोस्टमन पत्र देऊन गेला, आतला मजकूर हा त्याचा प्रश्न नाही. म्हणून क्रम असा:

१. अवेट (‘येईपर्यंत थांब’) लावून उत्तर घ्या.
२. ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ खरं आहे का बघा. नसेल तर चुकीच्या वाटेला वळा.
३. मग पुन्हा अवेट लावून ‘रिस्पॉन्स डॉट जेसन’ वाचा.
४. मिळालेल्या यादीतून पान भरा.

तिसऱ्या ओळीतला अवेट विसरला की पानावर ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ अशी अक्षरं उमटतात. ती दिसली तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

गाडी अडलीच तर जेसनच्या ऐवजी ‘रिस्पॉन्स डॉट टेक्स्ट’ वाचा आणि कन्सोलवर जसंच्या तसं छापा. सर्व्हरने खरोखर काय दिलंय ते दिसेल. फक्त एक लक्षात ठेवा, उत्तर एकदाच वाचता येतं. आधी टेक्स्ट आणि मग जेसन असं दोन्ही मागितलंत तर दुसरा अडेल.

पानात मजकूर भरताना टेक्स्ट-कंटेंट वापरा, इनर-एचटीएमएल नाही. पदार्थांची नावं काकूच भरतात, त्यात कसला धोका, असं वाटेल. पण उद्या याच पद्धतीने गिऱ्हाइकाचं नाव काकूंच्या पडद्यावर दाखवाल, आणि नावाच्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतो. त्याने तिथे स्क्रिप्ट लिहिलं तर ते काकूंच्या लॉगिनखाली चालू शकेल.

तपासणी. एफ १२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा, वर फेच-एक्सएचआर हा गाळणा लावा आणि पान ताजं करा. साठ्याची एक ओळ दिसेल. तिच्यावर क्लिक करून स्टेटस, हेडर आणि रिस्पॉन्स हे तिन्ही बघा. मग मुद्दाम पीएचपी फाइलचं नाव बदला आणि पुन्हा बघा. पानावर ‘साठा मिळाला नाही’ असं सभ्य वाक्य आलं पाहिजे. रिकामी यादी आली तर गिऱ्हाईक समजेल की मोदक संपले.

## पायरी ४: फॉर्म पाठवा

लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे, त्यामुळे सावकाश जाऊ.

ऐकायचं ते फॉर्मचं ‘सबमिट’, बटणाचं ‘क्लिक’ नाही. फोन नंबर टाकून कोणी कीबोर्डवर एंटर मारला तरी सबमिट होतो. ऐकणाऱ्या फंक्शनची पहिली ओळ ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’. ती नसेल तर ब्राउझर जुन्या रीतीने पान रिलोड करतो आणि तुमची विनंती अर्ध्या वाटेत मरते. नेटवर्कमध्ये ती ‘कॅन्सल्ड’ अशी लाल दिसते. आणखी एक खोडी: फॉर्मच्या आतल्या बटणाला प्रकार दिला नाही तर ते सबमिटच धरलं जातं. ‘नग वाढवा’चं बटण दाबल्यावर नोंदणी होते, ती यामुळे.

कुठल्या रूपात पाठवताय ते ठरवा. दोन वाटा आहेत.

पहिली: फॉर्मडेटा. फॉर्म आहे तसा उचलून पाठवायचा, पीएचपीत तो नेहमीच्या पोस्टच्या यादीत मिळतो. या वाटेने गेलात तर कंटेंट-टाइप हेडर हाताने लावू नका. ब्राउझर त्यात रकाने वेगळे करणारी खूण स्वतः घालतो. तुम्ही हेडर लिहिलात की ती खूण जाते आणि पीएचपीच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरी: जेसन. मग हेडर हाताने लावावाच लागतो. पण पीएचपीची पोस्टची यादी रिकामी असते, कारण पीएचपी ती फक्त फॉर्मच्या रूपातल्या मजकुरातून भरते. जेसन असेल तर पीएचपी-इनपुट या प्रवाहातून कच्चा मजकूर वाचून जेसन-डिकोड करावा लागतो. ‘पोस्ट रिकामं येतंय’ म्हणून जेवढे प्रश्न विचारले जातात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर या एका ओळीत आहे.

नवशिक्यांना माझा सल्ला फॉर्मडेटाचा. कमी हलणारे भाग, कमी चुका.

नग तपासा, आणि दोन्हीकडे तपासा. पानातल्या रकान्यातून येणारी किंमत नेहमी अक्षरं असते, आकडा नव्हे. २१ मोदक आणि वर ११, अशी बेरीज केलीत तर जावास्क्रिप्ट ३२ देत नाही, दोन्ही शेजारी चिकटवून २१११ देतं. काकूंचा जीव जायचा. आधी नंबर करून घ्या.

मराठी गिऱ्हाइकांसाठी आणखी एक खाच आहे, ती इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. बरेच जण मराठी कीबोर्डवरून ‘२१’ असं देवनागरीत लिहितात. जावास्क्रिप्टचा नंबर त्यावर ‘नॅन’ (आकडा नाही) देतो, आणि पीएचपीत पूर्णांक करायला गेलात तर शून्य मिळतं. रकाना साध्या मजकुराचा असेल तर सर्व्हरवर तपासणीच्या आधी देवनागरी दहाही अंक रोमन अंकांत बदलून घ्या. एसटीआर-टीआर ला दहा जोड्यांची यादी दिली की झालं. फोन नंबरलाही हेच लागू.

त्यानंतर फिल्टर लावून नग पूर्णांक आहे का, एकपेक्षा कमी तर नाही ना, तुम्ही ठरवलेल्या कमाल नगापेक्षा जास्त तर नाही ना, ते बघा. पानातली तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी असते. सर्व्हरवरची तुमच्यासाठी, कारण पान बाजूला ठेवून थेट विनंती पाठवणं कोणालाही जमतं. ही तपासणी नसेल तर उणे २१ मोदक मागितल्यावर साठा वाढेल.

एसक्यूएलमध्ये गिऱ्हाइकाने दिलेलं काहीही थेट चिकटवायचं नाही. प्रिपेअर करा, प्रश्नचिन्हं ठेवा, एक्झिक्यूटला किमती द्या. यात सवलत नाही.

तपासणी. पानातली तपासणी तेवढ्यापुरती बंद ठेवून तीन विनंत्या पाठवा: एक बरोबर, एक नग रिकामा ठेवून, एक देवनागरी अंकांत. नेटवर्कमध्ये अनुक्रमे २००, ४२२, २०० दिसायला हवं, आणि टेबलात नेमक्या दोन नव्या नोंदी. साठा अजून हलणार नाही, ते पुढच्या पायरीचं काम. पडद्यावरच्या ‘नोंद झाली’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका, टेबल उघडून बघा.

## पायरी ५: शेवटचे अकरा मोदक

पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा मी इथेच तोंडावर पडलो होतो. माझं स्क्रिप्ट आधी शिल्लक वाचायचं, पुरेशी आहे का बघायचं, मग वजा करून परत लिहायचं. घरी एकट्याने तपासलं तेव्हा चोख. संकष्टीच्या सकाळी दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांच्याही विनंतीने ‘११ शिल्लक’ वाचलं आणि दोघांनाही ‘नोंद झाली’ असं गेलं. संध्याकाळी काउंटरवर दोघं उभे आणि डबा एक. त्या दिवशी माझ्या वाटचे मोदक कोणाला गेले, ते सांगायला नको.

वाचणं, तपासणं आणि वजा करणं ही तीन कामं नव्हेत, एकच काम आहे. ते डेटाबेसकडूनच एका वाक्यात करून घ्या: ‘शिल्लक उणे नग कर, पण शिल्लक नगाइतकी किंवा जास्त असेल तरच’. म्हणजे अपडेटच्या व्हेअरमध्ये क्रमांकासोबत शिल्लकेची अटही घालायची. नग दोनदा लागतो, म्हणून नगाची प्रश्नचिन्हंही दोन, क्रमांकाचं तिसरं. मग रो-काउंट (किती ओळी बदलल्या) विचारा. एक आला तर माल मिळाला. शून्य आला तर ४०९ आणि ‘माफ करा, तेवढे मोदक उरले नाहीत’.

दुसरा धोका दोनदा दाबण्याचा. गिऱ्हाईक घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये आहे, नेट रांगतंय, त्याने बटण दाबलं. सर्व्हरवर नोंद झाली, पण उत्तर वाटेत हरवलं. तो परत दाबणार, कोणीही दाबेल. विनंती चालू असेपर्यंत बटण बंद ठेवणं हा अर्धाच उपाय आहे, कारण इथे पहिली विनंती त्याच्या लेखी अपयशी ठरली आणि बटण पुन्हा उघडलं.

यासाठी ती नोंदणी-खूण. फॉर्म उघडताना जावास्क्रिप्टकडून एक रँडम यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारी लांब खूण) बनवून घ्या आणि लपलेल्या रकान्यात ठेवा. नोंदणीच्या टेबलात त्या रकान्याला युनिक की (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारं बंधन) लावा. सर्व्हरवर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळी कामं होतात, नाहीतर एकही नाही) आधी नोंद घाला, मग साठा कमी करा. रो-काउंट शून्य आला तर रोलबॅक, नोंदही गेली. खूण आधीच टेबलात असेल तर नवी नोंद करायची नाही, जुनीच यशाची बातमी पुन्हा पाठवायची.

सावध: खूण प्रत्येक दाबण्याला नवी बनवलीत तर सगळा खटाटोप फुकट. ती बदलायची फक्त यश मिळाल्यावर. टेबलं इनोडीबी प्रकारची हवीत, मायआयसॅमवर ट्रान्झॅक्शन चालत नाही. आणि रँडम यूयूआयडी फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतो.

## पायरी ६: साठा आपोआप ताजा ठेवा

दर पंधरा सेकंदांनी साठा परत मागवायचा. इथे सेट-इंटरव्हल लावू नका. नेट मंद झालं की पहिलं उत्तर यायच्या आत दुसरी विनंती सुटते, मग तिसरी, आणि रांग लागते. उत्तर आलं, पान भरलं, त्यानंतर पुढच्या फेरीचा सेट-टाइमआउट लावायचा. उत्तर चुकलं तरी तो लागलाच पाहिजे, म्हणून तो फायनलीमध्ये लिहा. चुकल्यावर अंतर वाढवत न्या: तीस सेकंद, मग साठ. बिघडलेल्या सर्व्हरवर सगळ्यांनी मिळून धडका देण्यात अर्थ नाही.

पंधराच का? साधा हिशोब. दोनशे फोनवर पान उघडं असेल तर सेकंदाला तेरा-चौदा विनंत्या होतात. तेच पाच सेकंदांनी विचारलंत तर चाळीस. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग तिथे धापा टाकायला लागतं आणि मोदक काही तेवढ्या वेगाने संपत नाहीत. टॅब मागे किंवा पुढे गेला की व्हिजिबिलिटी-चेंजची घटना येते. टॅब मागे गेला असेल तर विचारणं थांबवा. टॅब पुढे आला की लगेच एकदा विचारा.

सर्व्हरनेच बातमी ढकलावी, यासाठी इव्हेंट-सोर्स नावाची सोय आहे. चांगली आहे, पण नेहमीच्या पीएचपी मांडणीत प्रत्येक उघडी जोडणी एक पीएचपी प्रोसेस धरून बसते. शेअर्ड होस्टिंगवर तिच्या वाटेला जाऊ नका.

उत्तर येईपर्यंत जुना आकडा पुसू नका. तो तसाच ठेवून खाली ‘७.४० वाजताचा साठा’ असं बारीक अक्षरांत दाखवा. ती वेळ सर्व्हरची, फोनची नव्हे. यादीच्या डब्याला एरिया-लाइव्ह पोलाइट लावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही बदल कळतो.

## पायरी ७: उशिरा पोचलेलं उत्तर

ठाण्याहून आधी सुटलेली स्लो लोकल आणि मागून सुटलेली फास्ट, दादरला आधी कोण पोचतं ते सांगायला नको. विनंत्यांचंही तसंच आहे. आधी पाठवलेल्या विनंतीचं उत्तर आधी येईल याची हमी नाही.

आपल्या पानात हे असं घडतं. साठ्याची विनंती सुटते, तेवढ्यात गिऱ्हाईक नोंदणी करतो, नोंदणीचं उत्तर आधी येतं आणि शिल्लक १० दिसते. मग साठ्याचं शिळं उत्तर येऊन तिथे पुन्हा २१ लिहितं. गिऱ्हाइकाला वाटतं नोंद झालीच नाही.

उपाय: नोंदणी पाठवण्याआधी चालू असलेली साठ्याची विनंती अॅबॉर्ट-कंट्रोलरने रद्द करा, पुढच्या फेरीचा लावलेला टाइमआउटही काढा आणि नोंदणी संपल्यावर नवी फेरी सुरू करा. रद्द केलेली विनंती कॅचमध्ये ‘अॅबॉर्ट-एरर’ म्हणून येते. ती चूक नाही, तिच्यावर ‘साठा मिळाला नाही’ असं दाखवू नका आणि तिच्या फायनलीत नवा टाइमआउटही लावू नका. पदार्थ शोधायचा रकाना ठेवलात तर तिथेही हेच, शिवाय प्रत्येक अक्षराला विनंती न पाठवता टाइप थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी पाठवा.

## पायरी ८: काकूंचं लॉगिन

साठा भरायचं पान लॉगिनमागे असणार. इथे दोन सापळे आहेत.

सेशन (लॉगिनची सर्व्हरवरची नोंद) संपल्यावर आपण सवयीने लॉगिनच्या पानाकडे वळवतो. फेच त्या वळणावरून निमूट जातो आणि लॉगिनच्या पानाचं एचटीएमएल घेऊन, वर २०० चा शिक्का मारून परत येतो. ओके खरं, जेसन मात्र फुटतं. जेसन देणाऱ्या स्क्रिप्टने कधीही वळवायचं नाही. ४०१ द्यायचा आणि पानाने त्यावर लॉगिन दाखवायचं.

दुसरा सापळा: ‘एकेक विनंती चालते, पण एकत्र पाठवल्या की एकामागोमाग एकच येतात’. पीएचपी सेशनची फाइल उघडली की तिला कुलूप लावते आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. काकूंनी महिन्याचा हिशोब मागवला, त्याला वीस सेकंद लागली, तर तेवढा वेळ त्यांच्या बाकीच्या विनंत्या दाराबाहेर उभ्या. सेशनमधून हवं ते वाचून झालं की लगेच सेशन-राइट-क्लोज. एवढ्या एका ओळीने पान सुटसुटीत पळायला लागतं. लोक मात्र होस्टिंगचा प्लॅन वाढवतात.

साठा बदलणाऱ्या विनंतीसोबत सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच पानातून आलीय हे पटवणारी गुप्त खूण) पाठवा आणि सेशनच्या कुकीला सेम-साइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत कुकी न पाठवण्याची सूचना) लावा.

## पायरी ९: होस्टिंगवर चढवताना

- डिस्प्ले-एरर्स बंद, लॉग-एरर्स चालू. चूक लॉगमध्ये गेली पाहिजे, जेसनमध्ये नाही.
- पान एचटीटीपीएसवर असेल आणि फेचमध्ये एचटीटीपीचा पूर्ण पत्ता लिहिला असेल तर ब्राउझर अडवतो. सापेक्ष पत्ते ठेवा.
- डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूसह आणि त्याशिवाय, अशी दोन वेगळी ठिकाणं होतात. एकाकडून दुसऱ्याकडे कायमचं वळण लावा. ‘कॉर्स’ची (दुसऱ्या ठिकाणाकडे जाणारी विनंती ब्राउझर अडवतो ती) एरर आली म्हणून सगळ्यांना परवानगी देणारा तारा हेडरमध्ये टाकणं हा इलाज नव्हे. पान आणि स्क्रिप्ट एकाच पत्त्यावर असतील तर कॉर्सचा प्रश्नच येत नाही.
- डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर.

शेवटची तपासणी दोन फोनवर. एक घरच्या वायफायवर, दुसरा मोबाइल डेटावर, शक्यतो संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर, जिथे नेट हमखास रडतं. शिल्लक ११ ठेवा आणि फोनवर ‘तीन, दोन, एक’ म्हणत दोघांनी ११ मोदकांची नोंद एकदम दाबा. एकाला ‘नोंद झाली’, दुसऱ्याला ‘उरले नाहीत’, आणि टेबलात एकच नवी ओळ. मग साठा पुन्हा भरा, स्टेशनवाल्याला फॉर्म भरून बटण दाबताच एअरप्लेन मोड लावायला सांगा, अर्ध्या मिनिटाने काढून पुन्हा दाबायला सांगा. तरीही नोंद एकच हवी. दोन झाल्या तर पायरी ५ मधली खूण कुठे नव्याने बनतेय ते शोधा. ते सापडेपर्यंत काकूंना लिंक पाठवू नका.